काचपट्टी

शेण येतं काडेपेटीतून,
केळीच्या पानातून, बामच्या रिकाम्या डबीतून,
एकदा बारशाच्या पेढ्यांच्या खोक्यातून आलं,
वर गुलाबी दोरा तसाच.
आचऱ्याच्या अलीकडे, खाडीला लागून
जनावरांचा दवाखाना: एक खोली, एक टेबल,
एकाच डोळ्याने बघायचा सूक्ष्मदर्शक
आणि मी, परिचर, वर्ग चार.
पट्टी बघायला मला कोणी शिकवलं नाही.
डॉक्टर पावसात पोचायचे नाहीत, म्हणून शिकले.

सावळा घाडी दारातच उभा.
पायाला चिखल आहे म्हणतो.
त्याच्या मोरीच्या जबड्याखाली
पाण्याची पिशवी लोंबतेय,
दिवसभर खाली मान घालून चरली की भरते,
रात्रीतून ओसरते,
जशी काही खाडीचीच म्हैस.
"खाता तर सगळा, बाय. मग जाता खय?"

शेण पाण्यात कालवायचं, गाळायचं, थांबायचं.
वरचं पाणी ओतायचं. पुन्हा थांबायचं.
गाळ बसेपर्यंत सावळ्याच्या दोन विड्या होतात.

मग दिसतं.
सोनेरी अंडं, पित्ताच्या रंगाचं,
एका टोकाला झाकण, इतकं बेताचं
की सोनाराने हात जोडावेत.
सुंदर म्हणायची लाज वाटते.
सुंदर आहे.

सावळ्याला सांगते:
ह्यातून पाण्यात एक जीव निघतो,
त्याला डोळे असतात, दोन ठिपके, उजेड कळण्यापुरते.
दिवसभरात शंखी सापडली नाही तर संपला.
सापडली, तर तिच्यात शिरतो एक
आणि बाहेर पडतात शेकडो,
गवताच्या पात्याला चिकटून बसतात,
मोरी त्यांना हिरवं म्हणून खाते.
मग आतडं भोसकून तो जातो काळजात.
खाटकाच्या तागडीत असतं ते काळीज,
गाण्यातलं नव्हे.
तिथे पानासारखा पसरतो, वर्षं काढतो.
तिथे त्याला डोळे नसतात.

सावळा विडी विझवतो.
"म्हणजे खोत," म्हणतो.
"आमच्या आज्याचो खोत असोच होतो.
अर्धा भात त्येचा,
आणि बांदार कधी दिसलो नाय."

वायंगणात सोडू नकोस तिला, मी म्हणते.
छापील कागदावर तसंच आहे:
पाणथळ जागी जनावरे चारू नयेत.
"बरा. एप्रिलात दुसरा हिरवा खय आसा,
ता पण लिव त्येच्यार."
नाही लिहिलं. तसा रकाना नव्हता.

खडूएवढी गोळी दिली, गुळात घालून.
शंख्या खायला बदकं पाळ, असंही सांगितलं.
बहिणीकडून चार आणली त्याने. तीन कोल्ह्याने नेली.
चौथं आता दवाखान्याच्या पायरीखाली झोपतं
आणि येणाऱ्या प्रत्येक बैलावर ओरडतं.

त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत,
दार लावून घेतलं आणि माझीच पट्टी बघितली.
का, ते विचारू नका. पोट दुखत नव्हतं.
चपटा नव्हता माझा. गोल जंत, माणसांचा,
अंड्याला खरबरीत कवच,
कापायच्या आधीच्या फणसासारखं.

शाळेशाळेतून फिरले मी, हात धुवा सांगत.
पोरांच्या जिभेखाली बोट घालून
गोळी गिळली का ते बघितलंय.
तारींची शेवंती गोळी थुंकून कोंबडीला घालायची,
तिला मी रडवलंय.

हे गेल्यापासून एकटीच जेवते बिचारी,
असं शेजारी म्हणतात माझ्याबद्दल.

गोळी घरी आणली
आणि दोन दिवस फडताळात ठेवली,
मिठाच्या बरणीमागे.
तिसऱ्या दिवशी घेतली, पेजेबरोबर.

तपासलेली प्रत्येक पट्टी वहीत चढवायची असते.
तारीख. गाव. जनावराचा प्रकार
(तिथे एक बारीक रेघ मारली).
पुढचा रकाना, मालक.
तिथे पेन टेकवून
बराच वेळ बसून राहिले.